चुंबक चिकटला म्हणजे चाकू हलका? एका फिरत्या संदेशाला मुद्द्यांनुसार उत्तर

भाजीच्या चाकूबद्दलचा एक लांबलचक संदेश बरेच दिवस व्हॉट्सअॅपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. चाकू घेताना चुंबक लावून बघा, चिकटला तर स्टील हलक्या दर्जाचं. फार धारेचा चाकू घरात ठेवू नका, हात कापतो. धार गेली तर अॅल्युमिनियम फॉइल सात-आठ वेळा कापा किंवा कपाच्या बुडावर घासा, दगड लागत नाही. काळी पडणारी लोखंडी विळी किंवा चाकू वापरू नका, तो काळेपणा पोटात जातो. लाकडी फळीत जंतू राहतात, म्हणून काचेवर नाहीतर ग्रॅनाइटच्या ओट्यावर कापा. आणि शेवटी, एकदाच भारी परदेशी चाकू घ्या, आयुष्यभर धार लावायची कटकट नाही.

यातली कपाची गोष्ट अर्धी खरी आहे. चुंबकाची तर साफ उलटी आहे. हे वाचून माणूस दुकानात हातात घेतलेला चांगला चाकू खाली ठेवतो आणि कुचकामी घरी आणतो, म्हणून त्याचं उत्तर आधी.

चुंबक चिकटला तर स्टील हलकं

हा नियम भांड्यांवरून आलाय. चांगल्या प्रतीचे डबे, पातेली, चमचे ३०४ जातीच्या स्टीलचे असतात. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, आणि निकेलमुळे त्याची घडण अशी होते की चुंबक धरत नाही. भांड्याला हे स्टील उत्तम. पण ते तापवून, पाणी पाजून, म्हणजे लाल असतानाच एकदम बुडवून, कडक करता येत नाही. त्याच्या पात्याला धार लावली तर चार दिवसांत वळते.

चाकूला कडक होणारं पोलाद लागतं. त्यात कार्बन जास्त आणि निकेल जवळपास नसतंच. अशा पोलादाला चुंबक चिकटतो, चिकटलाच पाहिजे. जर्मन चाकूंत सर्रास वापरलं जाणारं १.४११६ क्रमांकाचं पोलाद घ्या: कार्बन अर्धा टक्का, क्रोमियम १५ टक्के, कडकपणा रॉकवेल सी मापावर ५५ ते ५८. जपानी व्हीजी-१० पोलाद ६०च्या आसपास जातं. दोन्हींना चुंबक घट्ट बसतो. ज्या चाकूच्या पात्याला चुंबक अजिबात धरत नाही, ते चमच्याचं स्टील आहे असं समजून तो परत ठेवावा. (सिरॅमिकच्या पांढऱ्या पात्यालाही धरत नाही, पण ती वेगळी वस्तू. ते पातं कडक असतं आणि लाल भोपळ्यात अडकून पिळलं गेलं की तडकतं.)

भांड्यांपुरतासुद्धा हा नियम अपुराच आहे. कमी निकेलच्या स्वस्त २०२ स्टीललाही चुंबक धरत नाही, मग ३०४ आणि २०२ यांतला फरक त्याने कळणार कसा?

चुंबक चिकटला म्हणजे चाकू चांगलाच, असंही नाही. साधं लोखंडही चिकटतं. आपल्याकडे आठवडी बाजारात विळे-खुरपी विकणाऱ्या घिसाड्यांना हा फरक नेमका ठाऊक असतो. ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून ठोकलेल्या विळीत अर्धा-पाऊण टक्क्याच्या घरात कार्बन असतो, ती पाणी धरते आणि धार टिकवते. बांधकामाच्या सळईत कार्बन पाव टक्क्याच्या आसपास. जालन्याची सळई घर उभं करायला पक्की, पण तिची विळी केली तर कितीही पाणी पाजा, धार टिकण्याइतकी कडक होत नाही. घेताना सरळ विचारावं: कमानीचा पाटा आहे का?

पात्यावरची पाण्याच्या लाटांसारखी नक्षी बघून ‘दमास्कस’ म्हणून जादा पैसे मागितले जातात, त्याबद्दलही इथेच सांगून टाकू. बऱ्याच स्वस्त चाकूंवर ती वरून कोरलेली किंवा छापलेली असते. सीरियातल्या दमास्कस शहराच्या नावाने गाजलेल्या खऱ्या तलवारींना जे भारतीय पोलाद जायचं, ते नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रम गावातही तयार होत होतं. त्या पोलादातली नक्षी आतूनच यायची. आजच्या छापील नक्षीचा कापण्याशी काही संबंध नाही.

धारेचा चाकू हात कापतो

बोथट चाकू टोमॅटोच्या सालीवर टेकला की साल दबते, कापली जात नाही. मग मनगटाचा जोर वाढतो, आणि साल एकदम फुटते तेव्हा किंवा चाकू बाजूला घसरतो तेव्हा तो सगळा जोर डाव्या हाताच्या बोटांवर येतो. धारेच्या चाकूला जोर लागतच नाही, म्हणून घसरला तरी मागे ताकद नसते.

मात्र एक सावधगिरी खरी आहे. बोथट चाकूवर हात बसलेला असतो, त्यामुळे नवी धार लागल्यावर पहिले काही दिवस लोक जुन्याच जोराने कापतात आणि तेव्हाच बोट कापतं. धार लावून आणली की घरातल्या सगळ्यांना सांगावं. डाव्या हाताची बोटं आत मुडपून, पात्याची सपाट बाजू पेरांना टेकवून कापायची सवय लावावी. कांद्याने डोळ्यांना धारा लागतात त्यातही बोथट पात्याचा वाटा असतो. ते कांदा चिरण्याऐवजी चिरडतं, पेशी जास्त फुटतात आणि झोंबणारा वायू जास्त निघतो.

धारेइतकीच महत्त्वाची, पण संदेशात कुठेही नसलेली गोष्ट म्हणजे पात्याची जाडी. गाजर कापताना चाकू अर्ध्यावर गेला की ‘कट्’ आवाज होऊन पुढचा भाग आपोआप फुटून उडतो ना? ते चाकूने कापलेलं नसतं, जाड पात्याने पाचर मारून फोडलेलं असतं. अशा पात्याला कितीही धार लावा, गाजर फुटणारच. भाजीच्या चाकूची पाठ दीड ते दोन मिलिमीटर असावी आणि पातं खाली धारेकडे निमुळतं होत जावं. धारेच्या लगेच वर अर्ध्या मिलिमीटरहून जाड नको. लांबी १५ ते १८ सेंटिमीटर, लहान हाताला १३ चालते. पात्याची उंची ४० मिलिमीटरच्या पुढे असली की मुठीची बोटं फळीवर आपटत नाहीत. दुकानात चाकू सपाट काचेवर उभा धरून धारेखालून उजेड दिसतो का ते बघावं. टोकाकडे वळणामुळे दिसेल, मध्ये फट दिसली तर तिथे मेथीची काडी अर्धवट तुटून लोंबत राहणार. मूठ आणि पातं यांच्या सांध्यात नख जाईल एवढी फट असेल तरी घेऊ नये, तिथे पाणी मुरतं.

फॉइल कापा, कपावर घासा, दगड नको

फॉइल पोलादापेक्षा कितीतरी मऊ आहे, ते पोलाद झिजवू शकत नाही. फार तर धारेला चिकटलेला मळ निघतो किंवा वळलेली कड थोडी सरळ होते, आणि तेवढ्यावरून फरक पडल्यासारखा वाटतो. कपाच्या बुडाचं जे खरबरीत, चकाकी नसलेलं कडं असतं, ते मात्र पोलादाहून कठीण. त्याच्यावर दोन्ही बाजूंनी पाच-सहा हलके हात फिरवले तर उतरू लागलेली धार तात्पुरती जागी होते. पूर्ण गेलेली धार त्याने येत नाही. चाकूसोबत मिळणाऱ्या स्टीलच्या गोल सळईचंही (होनिंग रॉड) तेच, ती वळलेली कड सरळ करते, नवी धार काढत नाही.

नवी धार दगडावरच येते. घरासाठी १००० नंबरचा पाण्याचा दगड पुरतो (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक), सोबत ३००० असला तर उत्तम. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा काळा दुहेरी दगड फार भरड असतो. त्याने खांडा पडलेलं पातं सारखं करता येतं, पण त्याच्यावर थांबू नये.

दगड भिजवण्याचा असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं पाण्यात ठेवा आणि ओल्या फडक्यावर मांडा. कोन अंदाजाने न धरता पाठीच्या उंचीने धरा. ४५ मिलिमीटर उंच पात्याची पाठ दगडापासून १२ मिलिमीटर वर उचलली की कोन १५ अंश होतो, १५ मिलिमीटर उचलली की जवळपास २०. जपानी पद्धतीच्या कडक पात्याला १५, साध्या स्टीलला २० अंश ठेवा. साध्याला १५ दिला तर कड बारीक होऊन लवकर वळते.

आता एकच बाजू घासत राहायची, मुठीकडून टोकाकडे, डाव्या हाताची दोन बोटं पात्यावर धारेजवळ ठेवून. कुठवर? पलीकडच्या बाजूला धारेवर बारीक खरबरीत कड लागेपर्यंत. अंगठा पाठीकडून धारेकडे, म्हणजे धारेच्या बाहेर ओढून बघितला की ती जाणवते. धारेच्या लांबीवर अंगठा कधीही फिरवू नये. ही कड मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडे लागली पाहिजे. घरी धार लावणारे बहुतेक जण इथेच चुकतात. पातं चकाकायला लागतं, झालं असं वाटून ते उलटवतात, पण कड लागलेली नसते म्हणजे दोन्ही बाजू अजून एकमेकींना भेटलेल्याच नसतात. चाकू दिसतो चकचकीत, कापत नाही. शंका असेल तर धारेला मार्करची शाई लावून दोन हात फिरवा. शाई फक्त धारेपासून वरच्या, पाठीकडच्या भागाची गेली तर पाठ जरा उचला, फक्त धारेच्या अगदी कडेची गेली तर खाली घ्या.

मग दुसरी बाजू तशीच. शेवटी जोर कमी करत एक हात इकडे, एक हात तिकडे, असे दहा-बारा. ही खरबरीत कड पूर्ण काढणं हा शेवटचा आणि सगळ्यांत दुर्लक्षित भाग. ती राहिली तर पहिल्या दिवशी चाकू वस्तऱ्यासारखा चालतो आणि दुसऱ्या दिवशी कड दुमडून बोथट होतो. जुन्या जीन्सच्या कापडावर किंवा चामडी पट्ट्यावर धार मागे ठेवून दहा-पंधरा वेळा ओढलं की ती जाते. पिकल्या टोमॅटोवर चाकू ठेवून नुसता मागे ओढावा. दाब न देता साल उघडली तर काम झालं.

दगड मध्ये खोलगट झाला की कोन सांभाळता येत नाही. शहाबादी फरशीच्या सपाट तुकड्यावर १२० नंबरचा ओला पॉलिश पेपर पसरून दगड त्याच्यावर घासला की सारखा होतो.

धारवाल्याकडे देणार असाल तर सायकलचं पायाने फिरणारं चाक बरं. दुकानातलं विजेचं कोरडं चाक मिनिटाला सुमारे २,८०० फेरे फिरतं आणि पातळ धार क्षणात तापवतं. चाकूचं पोलाद साधारण दोनशे अंशांवर तापवून बेताचं कडक ठेवलेलं असतं. लोखंडी पात्यावर निळी झाक आली म्हणजे तिथे तीनशेच्या आसपास तापमान गेलं, आणि तेवढा भाग मऊ पडला. दर दोन-तीन ओढींनंतर पाण्यात बुडवायला सांगा. निळा पडलेला भाग घासून पूर्ण जाईपर्यंत तिथे धार टिकणार नाही.

काळी पडणारी विळी

आंबट चुका, कैरी, वांगं कापलं की लोखंडी पातं काळं-निळं होतं. भाजीतलं आम्ल आणि तुरट द्रव्यं लोखंडाशी मिळून हा थर तयार होतो. लोखंडी कढईत भाजी काळी पडते त्याच जातीचा हा प्रकार, विषारी नाही. उलट हा थर पक्का झाला की पातं कमी गंजतं. तांबूस, हाताला लागणारा गंज वेगळा, तो घासून काढायचा.

खरा त्रास आहे तो आपल्या बोअरच्या क्षाराच्या पाण्याचा, आणि तो स्टेनलेसलाही होतो. चाकूच्या स्टेनलेसमधलं काही क्रोमियम कार्बनने धरून ठेवलेलं असतं, म्हणून ते भांड्याच्या स्टीलइतकं गंजरोधक नसतं. लिंबू किंवा लोणचं कापून रात्रभर सिंकमध्ये पडलेल्या चाकूवर सकाळी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात, ते याचेच. कापून झालं की लगेच मऊ बाजूने धुवा, पाठीकडून धारेच्या दिशेने पुसा, कोरडा करून ठेवा. राख आणि हिरवी घासणी धारेला लावू नका. लोखंडी पात्याला तेलाचा पुसट हात द्यावा, पण करडईचं तेल नको. ते हवेत वाळून चिकट पापुद्रा धरतं, म्हणून तर रंगांतही वापरतात. खोबरेल चालतं.

काच आणि ग्रॅनाइट

काच पोलादाच्या बरोबरीची कठीण, ग्रॅनाइटमधला क्वार्ट्झ त्याहून कठीण. त्यावर एक कांदा चिरला तरी धार वळते. कडप्पा मऊ असला तरी धारेला तोही दगडच. जंतूंचं म्हणाल तर अमेरिकेत अन्नसुरक्षेचे संशोधक डीन क्लायव्हर आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात केलेल्या प्रयोगांत लाकडाच्या पृष्ठभागावरचे जिवाणू लवकर घटले, आणि चाकूच्या चरांनी भरलेल्या जुन्या प्लास्टिकच्या फळीवर ते धुऊनही उरले. लाकडी फळी धुऊन उभी वाळवा, मांस-मासळीला वेगळी ठेवा.

भारी चाकूला धार लावावी लागत नाही

पोलाद कितीही कडक असो, फळीवर रोज टेकलं की झिजतंच. चार-पाच माणसांच्या घरात साध्या चाकूला दोन महिन्यांनी दगड लागेल, ६० कडकपणाच्या चाकूला चार-पाच महिन्यांनी. त्या कडक पात्याला स्टीलच्या रेघाळ सळईवर मारू नये, धारेचे बारीक टवके उडतात. सिरॅमिकची गुळगुळीत कांडी चालते. ज्याच्या घरात दगड नाही त्याने आधी साधा पातळ चाकू, १०००चा दगड आणि लाकडी फळी घ्यावी. भारी चाकू नंतर. आणि तो घेतलाच तर लाल भोपळा, सुकं खोबरं आणि फणस जुन्या जाड चाकूनेच फोडावेत.