पळाले ते पळाले, बिल तेवढं बसून राहिलं

शनिवारी लीड्सला आम्ही सहा जण जेवायला गेलो आणि 214 पौंडांचं बिल आलं तेव्हा टेबलावर मी एकटा होतो.

म्हणजे कोणी पळालं असं नाही हां. एकाला बेबीसिटरचा फोन आला, दोघांची शेवटची ट्रेन होती (सव्वानऊला कसली डोंबलाची शेवटची ट्रेन?), एक सिगरेट ओढायला बाहेर गेला तो बहुतेक अजून ओढतोच आहे, आणि ज्याने लॅम्ब चॉप्स दोनदा मागवले तो "भावा तू बघून घे, मी पाठवतो" म्हणत खिसे चाचपत चाचपत दारापर्यंत पोचला.

शेजारच्या टेबलावर एक गोरे आजोबा, पुढ्यात सूप, हातात शब्दकोडं.

"डन अ रनर, हॅव दे?"

मी म्हटलं हो, तसंच काहीतरी. तर आजोबांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणे छे, रनर नाही म्हणता येणार. रनर म्हणजे हॉटेलला टोपी घालून पळणं, त्याला कायदा आहे, 1978चा थेफ्ट ॲक्ट, कलम 3, दोन वर्षांपर्यंत आत. पण बिल तुम्ही भरणार ना? मग हॉटेलचं काय बुडालं?

माझे 214 पौंड चाललेत आणि हे माझा शब्द चुकला म्हणून हळहळतायत!

मी आपलं सुचवून बघितलं, मूनलाइट फ्लिट? तर परत मान हलली. त्याला थकलेलं घरभाडं लागतं, रात्र लागते, सामान लागतं. तिकडे अमेरिकेत म्हणे कर्ज बुडवणारे दारावर जी.टी.टी. लिहून जायचे, गॉन टू टेक्सास. म्हटलं वा, निदान पत्ता तरी ठेवायचे. मग फ्रेंच लीव्ह निघाली, न सांगता सटकणं, आणि गंमत म्हणजे फ्रेंच लोक त्यालाच इंग्रजांसारखं सटकणं म्हणतात. आपल्याकडे असं शेजाऱ्यावर ढकललेलं काही आठवेना. पुणेकरांना मुंबईकरांच्या नावावर खपवता आलं असतं, सुचलं नाही वाटतं.

"तुमच्या भाषेत काय म्हणतात?"

आता खरं तर मी वेटरला तोंड कसं दाखवायचं या विचारात होतो, पण मायबोलीचा प्रश्न आला की माणूस वाहवतोच. कल्टी मारणे सांगितलं, काढता पाय घेणे सांगितलं, धूम ठोकणे, हातावर तुरी देणे, पोबारा करणे, आणि हा पोबारा सोंगट्यांच्या खेळातल्या पौ-बारा दानावरून आला असं ऐटीत समजावलंही. त्यांना आवडलं ते सुंबाल्या. चार वेळा म्हणून बघितलं, सूम्बॉलिया, सूम्बॉलिया, आणि म्हणाले एखाद्या पास्त्याचं नाव वाटतं, चीज घालून छान लागेल.

"पण जो मागे राहतो त्याला काय म्हणतात?"

मी म्हटलं मामा.

अर्थ सांगितल्यावर आजोबा खूश. आमच्याकडे लेफ्ट होल्डिंग द बेबी, म्हणाले, म्हणजे बाळ तुमच्या हातात देऊन बाकीचे गायब. मी मनात म्हटलं, बाळ ज्याचं होतं तो तर बेबीसिटरचं नाव सांगून पहिला गेला!

तेवढ्यात वेटर मशीन घेऊन आला. साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला. आजोबा बघतायत, वेटर बघतोय, अशा वेळी काढा म्हणायची हिंमत आपल्या पिढीत कोणाच्यात आहे? टॅप केलं. आजोबा हळूच "पुअर मामा" म्हणाले आणि परत कोड्यात शिरले.

आज मंगळवार. ग्रुपवर बिलाचा फोटो टाकलाय, प्रत्येकी 35 पौंड 67 पेन्स, खाली माझा अकाउंट नंबर. वाचलं पाचही जणांनी. ट्रेनवाल्यांनी "मस्त संध्याकाळ" म्हणून फोटो टाकले, त्यात माझा अर्धा कान आलाय. मी बॉससमोर पगारवाढीचा विषय काढायला घाबरणारा माणूस, पैसे मागायचे म्हणजे तीन वेळा मेसेज लिहून खोडला आणि शेवटी नुसता हसरा चेहरा पाठवला. माझेच पैसे, आणि लाज मलाच.

काल रात्री लॅम्ब चॉप्सवाल्याचं उत्तर आलं एकदाचं. "अरे सर्व्हिस चार्ज कशाला दिलास? ऑप्शनल असतो तो. विचारायचंस ना आम्हाला."