न्यूयॉर्क-लंडन: जाताना सात तास, येताना आठ, आणि म्हणे ही लूट!

एक संदेश सध्या फिरतोय. त्याचं म्हणणं असं: लांब पल्ल्याची विमानं मुद्दाम वळसा घालतात. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे पश्चिमेला जाताना वेळ कमी लागायला हवा, पण लागतो जास्त. अंतराला वेगाने भागलं तर जो वेळ येतो, त्यापेक्षा तिकिटावरचा वेळ मोठा असतो. आणि हे सगळं भाडं वाढवण्यासाठी!

आधी वळसा. न्यूयॉर्क आणि टोकियो सपाट नकाशावर जवळजवळ एका रेषेत दिसतात. पण त्या आडव्या रेषेने गेलं तर सुमारे १२,८०० किमी होतात. अलास्काच्या बाजूने वर चढणारी वाट सुमारे १०,८३० किमीची. पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून बघा, तो आपसूक उत्तरेला सरकतो. खराखुरा वळसाही असतो, नाही असं नाही. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांसाठी बंद झालं आणि हेलसिंकी-टोकियोचा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. पण त्यातलं जादा इंधन कंपनीलाच जाळावं लागतं.

पृथ्वी फिरण्याचा मुद्दा मजेशीर आहे. तो खरा असता तर लंडनवर विमान नुसतं तरंगत ठेवलं असतं, तरी पाच तासांत ते न्यूयॉर्कच्या रेखांशावर आलं असतं! तसं होत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबर फिरते आणि विमान त्या हवेत उडतं. फरक पाडतो तो वारा. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाची वेगवान वाऱ्याची धार वाहते. पूर्वेला जाताना ती पाठीशी असते, परतताना तोंडावर. फेब्रुवारी २०२० मध्ये कियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला, तरी ध्वनीचा वेग त्याने ओलांडला नाही. भोवतालची हवाच धावत होती. आता गंमत अशी की हे वारे पूर्वेकडे वळतात ते पृथ्वीच्या फिरण्यामुळेच. म्हणजे संदेश लिहिणाऱ्याने गुन्हेगार बरोबर पकडला, फक्त आरोप उलटा लावला.

भागाकार तर सोपाच. न्यूयॉर्क-लंडनचे ५,५४० किमी भागिले ताशी ९०० म्हणजे साधारण सहा तास दहा मिनिटं. पण तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर लागेपर्यंतचा. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, रांगेत थांबणं, चढण, उतरण, उतरण्याआधीच्या घिरट्या, सगळं त्यात आलं. शिवाय ताशी ९०० हा हवेतला वेग. समोरून १५० चा वारा असेल तर जमिनीवर ७५० च उरतात.

राहिलं भाडं. इंधन हा कंपनीच्या सर्वांत मोठ्या खर्चांपैकी एक, तो कुणी हौसेने वाढवत नाही. उत्तर अटलांटिकवरचे हवाई मार्ग वाऱ्याचा अंदाज पाहून दिवसातून दोनदा नव्याने आखले जातात, ते याच इंधनापायी.