'ऐवजी असे वाचावे'

आलं परत सरकारी खरेदीच्या नियमांचं एक शुद्धिपत्रक! शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, वाकडं स्कॅन केलेलं. 'अमुक ऐवजी तमुक असे वाचावे.' अहो, पण कशात वाचावे?

साताऱ्यात एका सरकारी कार्यालयात भांडार सांभाळतो मी. खरेदीची मूळ नियमपुस्तिका 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयाची. तेव्हापासून माझ्या प्रतीला इतकी ठिगळं लागलीत की आजीची गोधडी बरी. शुद्धिपत्रक, पूरकपत्र, मग पूरकपत्राचं शुद्धिपत्रक. दुरुस्तीला माझा विरोध नाही हो. भाव वाढले की खरेदीची मर्यादाही वाढायलाच हवी. पण सगळे बदल घालून एक सलग पुस्तिका काढायला काय होतं?

परवाचंच घ्या. चार खुर्च्या आणि एक प्रिंटर. तीन दरपत्रकं मागवली, तुलनात्मक तक्ता केला, साहेबांची सही घेतली. तर लेखा शाखेतून फाईल परत! "भाऊसाहेब, हे जुन्या नमुन्यात केलंय." नवा नमुना कुठाय? त्यांच्याकडेही नाही. त्यांनी फक्त ऐकलंय. लेखापरीक्षणवाल्यांकडे मात्र प्रत्येक चिठोरं बरोबर असतं, तेही तारीखवार लावलेलं.

मार्चअखेरीला निधी परत गेला की बोलणी कुणाला? मलाच.

प्रिंटर अजून आलेला नाही. आजच्या शुद्धिपत्रकाची प्रिंट काढायला पोवई नाक्यावर झेरॉक्सवाल्याकडे उभा आहे. पानाला पाच रुपये, पदरचे.