थेरपी आणि थेरं

माझी भाची थेरपिस्ट शोधते आहे हे कळल्यावर दादाने, म्हणजे माझ्या मावसभावाने, घरच्या ग्रुपवर लिहिलं: ‘थेरपी म्हणजे नुसती थेरं. ज्यांना माणसं नाहीत त्यांनी पैसे मोजून बोलावं. आपल्याला माणसं आहेत.’ खाली अकरा अंगठे. मी तेव्हा ट्रॅममध्ये होतो. उत्तर टाइप करण्याच्या नादात दोन स्टॉप पुढे गेलो आणि शेवटी पाठवलं काहीच नाही. म्हणून इथे लिहितोय.

माणसं मलाही होती की! जर्मनीत आल्यावरही होती, फोनवर. मला ओसीडी आहे, म्हणजे तीच शंका डोक्यात परत परत येते आणि ती शमवायला तेच तेच तपासत बसावं लागतं. शेगडी बंद केली का, दार लावलं का. कुलपाचा फोटो काढायचा, मग तो आजचाच आहे ना म्हणून तारीख बघायची, मग तारीख नीट बघितली ना म्हणून परत. तेवढ्यानेही भागलं नाही की दादाला फोन. ‘लावलं असेल ना रे मी?’ ‘लावलं असशील. तू कुठे विसरतोस?’ दहा मिनिटं जीव थंड. मग पुन्हा तेच.

बोलल्याने मन हलकं होतं हे खरंच आहे, पण ओसीडीत अशी समजूत घालणं म्हणजे आजाराला खतपाणी. दर वेळी खात्री मिळाली की मेंदू शिकतो, खात्रीशिवाय जमणार नाही. उपचार नेमका उलटा: भीती मुद्दाम अंगावर घ्यायची आणि तपासायचं नाही. एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली अशा उपचाराचे अनुभव छापले, म्हणजे हे काही कालचं फॅड नाही. भाचीने ‘चांगला थेरपिस्ट’ शोधू नये, ‘हा उपचार तुम्ही केला आहे का, कसा करता’ असं सरळ विचारावं, अर्थात तिचा त्रास या जातीचा असेल तर.

इथे जर्मनीत ‘सायकोथेरपिस्ट’ हे नाव १९९९पासून कायद्याने राखीव आहे, कुणीही उठून पाटी लावू शकत नाही. विम्यात बसतं. ११६११७ला फोन केला की पहिली भेट ठरवून देतात. हे मी दादाला अनेकदा ऐकवलंय. पहिल्या भेटीनंतर जागा मिळायला मला किती महिने लागले, ते ऐकवलेलं नाही. आणि जागा मिळाली तेव्हा एका सज्जन गृहस्थांसमोर बसून मी सहा महिने बालपण उगाळलं, घरी येऊन शेगडी तपासली. पद्धत वाईट नव्हती, माझ्या दुखण्याची नव्हती. यावर दादाने एकदा शांतपणे लिहिलं होतं की बंगळुरूच्या निम्हान्समध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या त्या मोठ्या सरकारी संस्थेत, ओसीडीचं वेगळं क्लिनिक आहे, तू तिकडेच का शोधत बसलास? मी विषय बदलला होता.

नंतरच्या थेरपिस्ट बाई मला खुर्चीत बसवून थांबल्या नाहीत. घरी आल्या. म्हणाल्या, दार एकदाच ओढा, हँडल हलवू नका, चला स्टॉपवर. थंडीत उभं राहून दर पाच मिनिटांनी भीतीला शून्य ते शंभरपैकी आकडा द्यायचा. ८५, ९०, ९०, ७०. ट्रॅम आली तेव्हा ५५. मी रडलो, बाईंनी समजूत घातली नाही. त्याच भेटीत त्यांनी विचारलं, खात्री कोण देतं तुम्हाला? मी दादाचं नाव सांगितलं.

मग मी त्याला नियम कळवला: मी विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही. उन्हाळ्यात इथे रात्रीचे अकरा म्हणजे त्याचे अडीच. इतकी वर्षं तो अडीचला फोन उचलत होता, एकदाही चिडला नव्हता. ‘बरं’ एवढंच म्हणाला. त्यानंतर आमचे फोन कमी होत होत महिन्यावर गेले. कुलूप सोडलं तर आम्हाला बोलायला काही नव्हतंच, हे मला तेव्हा कळलं. आता तो ग्रुपवर थेरं म्हणतो तेव्हा मला आधी राग येतो. मग ते अकरा अंगठे सोडून त्याचं एकट्याचं वाक्य मी परत वाचतो.

परवा मीच फोन केला. हवा, गुडघे, भाचीची परीक्षा, सगळं दोन मिनिटांत संपलं. ठेवता ठेवता तो म्हणाला, ‘कुलूप लावलंस ना?’

मी म्हटलं, ‘माहीत नाही.’ तो बराच वेळ हसत राहिला.