केमो चालू असताना कोविडची लस नको? अहो तसं नाहीये

"कॅन्सर पेशंटने कोविडची लस घेऊ नये, साथ असेपर्यंत केमोपण थांबवावी" असा मेसेज फिरतोय, प्लीज पुढे पाठवू नका. केमोत टाळतात त्या जिवंत विषाणूच्या लसी, म्हणजे गोवर, कांजिण्या वगैरे. कोविडच्या नेहमीच्या लसींमध्ये शरीरात वाढू शकेल असा विषाणूच नसतो, एमआरएनएची (म्हणजे विषाणूचा एक भाग बनवायची फक्त सूचना देणारी) असो की मृत विषाणूची, त्यातून कोविड होत नाही. खरी अडचण वेगळीच आहे, रिटुक्सिमॅबसारखं (काही रक्ताच्या कॅन्सरमध्ये देतात ते) औषध चालू असेल तर अँटीबॉडी नीट तयार होत नाहीत, म्हणून डोस कधी घ्यायचा ते कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून ठरवायचं आणि लस झाली तरी मास्क ठेवायचा, घरातल्यांनीही लस घ्यायची. केमो आपल्या मनाने बंद करणं तर भलतंच, कॅन्सर काय साथ संपायची वाट बघत बसतो का! आणि हो, ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर "कोविडच असेल, गोळी घेऊन घरीच पडून राहू" असं अजिबात नको, केमोमुळे इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी असताना साधं इन्फेक्शनही काही तासांत जिवावर बेतू शकतं, लगेच हॉस्पिटलला फोन करायचा आणि केमो चालू आहे हे सगळ्यात आधी सांगायचं.