घरात फ्रीज आला म्हणजे गरिबी गेली?

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतोय: ‘पूर्वी अख्ख्या चाळीत एक टीव्ही होता. आज झोपडपट्टीतही घरोघरी टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. गरिबी फक्त भाषणांत उरली आहे.’ काका-मामांसह सगळ्यांनी अंगठे दिलेत. मला ते पटत नाही.

‘अख्ख्या चाळीत एक टीव्ही’ हे खरं आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. त्यानंतर कितीतरी वर्षं लालबागच्या आमच्या चाळीत रविवारचा सिनेमा एकाच बिऱ्हाडात, उंबऱ्यापर्यंत दाटीवाटीने बसून बघितला जायचा.

‘घरोघरी’ हे मात्र खोटं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ९३ टक्के कुटुंबांकडे मोबाइल होता, ६८ टक्क्यांकडे टीव्ही. फ्रीज ३८ टक्क्यांकडे. वॉशिंग मशीन फक्त १८ टक्क्यांकडे! शहरांत प्रमाण जास्त आहे, पण क्रम तोच. टीव्ही सगळे मिळून बघतात. मशीनने कष्ट वाचतात ते बहुतेक घरांत एकाच बाईचे, आणि त्या कष्टांचे पैसे कुणाला मोजावे लागत नाहीत, म्हणून मशीन शेवटी येतं. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७.

बरं, मशीन आलं तरी ते चालवायचं कुठे? आमच्याकडे पाणी ठरावीक वेळेलाच येतं आणि मोरीत एक माणूस जेमतेम उभा राहतो. फुल्ली ऑटोमॅटिक मशीनला नळाचं पाणी लागतं. म्हणून माझ्या मावशीने सेमी-ऑटोमॅटिक घेतलं. पिंपातलं पाणी ती बादलीने त्यात ओतते, धुतलेले कपडे हाताने उचलून सुकवायच्या टबात टाकते, आणि पाणी कमी आलं की सरळ मोरीत बसून कपडे घासते. सर्वेक्षणात तिच्या घरापुढे ‘मशीन आहे’ एवढंच लिहिलं जाईल.

आता ‘वस्तू आली, गरिबी गेली’. २००१ च्या जनगणनेत ९.१ टक्के कुटुंबांकडे फोन होता, २०११ मध्ये ६३.२ टक्क्यांकडे. दहा वर्षांत लोक सातपट श्रीमंत झाले का? मोबाइल स्वस्त झाला, २००३ पासून इनकमिंग फुकट झालं, मिस्ड कॉल देऊन काम भागायला लागलं. त्याच दहा वर्षांत रेडिओ असलेली कुटुंबं ३५.१ वरून १९.९ टक्क्यांवर आली. मग त्या मजकुराच्या हिशेबाने लोक गरीब झाले म्हणायचे!

फ्रीज बऱ्याच घरांत हप्त्यांवर येतो. एखाद्या महिन्यात काम सुटलं तरी हप्ता चुकत नाही आणि वाण्याकडची उधारी वाढत जाते. २०११ च्या त्याच जनगणनेत रेडिओ, टीव्ही, फोन, संगणक, सायकल, स्कूटर, मोटार यांपैकी एकही वस्तू नसलेली कुटुंबं १७.८ टक्के होती. ग्रुपवरच्या मजकुरात ती कुठेच नाहीत.