कार्डावरची तारीख आणि आजोबांचा शब्द

नमस्कार,

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ठेवलेल्या युद्धकैद्यांच्या नोंदी कशा वाचाव्यात या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मन लावून वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं. तुमचे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि जून १९४२ मध्ये लिबियातल्या तोब्रुकला पकडले गेले, असं ते स्वतः सांगत. जर्मन छावणीत त्यांच्या नावानं भरलेल्या कैद्याच्या कार्डावर मात्र १९४३ ची अखेर दिसते. शत्रूच्या कारकुनानं भरलेल्या कागदापायी मी घरच्या माणसाचा शब्द खोटा पाडायला शिकवतो, असा तुमचा आरोप आहे. आजोबांना आझाद हिंद सेनेत असूनही कार्डानं वगळलं, याचाही तुम्हाला राग आहे.

पहिल्या मुद्द्यावर मी तुमच्या आजोबांच्या बाजूनं आहे, आणि तरीही कार्ड चुकीचं आहे असं मला वाटत नाही. २० जून १९४२ च्या सकाळी जर्मन सेनापती रोमेलचा मुख्य हल्ला आला तो २/५ मराठा पलटणीच्या फळीवरच. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं आणि तीस हजारांवर सैनिक कैद झाले. पण उत्तर आफ्रिकेत जर्मनांनी पकडलेले कैदी इटलीच्या हवाली केले जात. म्हणून आपली माणसं आधी इटलीतल्या छावण्यांत पोचली. तिथल्या अवेझ्झानोच्या छावणीत तर हिंदी सैनिकच मोठ्या संख्येनं होते. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीची शरणागती जाहीर झाली, आणि ज्यांना निसटता आलं नाही त्यांना जर्मनांनी ताब्यात घेऊन उत्तरेला हलवलं. जर्मन कार्ड त्यानंतर तयार झालं. तेव्हा तुम्ही पाहिलेली तारीख नेमकी कोणत्या रकान्यातली आहे, ते एकदा तपासा. पकडल्याची जागा आणि तारीख यांचा रकाना वेगळा असतो आणि छावणीत दाखल झाल्याची नोंद वेगळी असते. दाखल झाल्याची तारीख १९४३ ची असेल, तर आजोबांच्या सांगण्याला तिनं कुठेच धक्का लागत नाही.

माझा आग्रह एवढाच आहे की कार्ड अख्खं खरं किंवा अख्खं खोटं मानू नका. प्रत्येक रकान्याला विचारा, हे कुणी सांगितलं आणि कुणी लिहिलं? उंची, केसांचा रंग, फोटो, बोटाचा ठसा हे समोरच्या माणसाकडे पाहून घेतलेलं असतं. लस टोचल्याच्या, आजारपणाच्या, शिक्षेच्या, कामाच्या तुकडीच्या आणि एका छावणीतून दुसरीकडे हलवल्याच्या नोंदी त्या त्या वेळी छावणीच्या कामकाजातून होत गेल्या, त्यांच्यावर मी बराच भरवसा ठेवतो. बाकीचं कैद्यानं सांगितलेलं. १९२९ च्या जिनिव्हा करारानुसार त्याच्यावर फक्त खरं नाव आणि हुद्दा, किंवा पलटणीतला नंबर सांगण्याचं बंधन होतं. घरचा पत्ता, धंदा, आईचं माहेरचं आडनाव हे सांगायचं की नाही, ते त्याच्या मर्जीवर. एखादा रकाना कोरा दिसला तर कारकुनाला दोष देण्याआधी हे ध्यानात घ्या. तो कोरेपणा आपल्याच माणसाचा निर्णय असू शकतो.

जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नये. खेड्यातल्या पोरांचं वय भरतीच्या वेळी अंदाजानं लागायचं आणि तेच पुढे कागदोपत्री चालायचं. आडनावाचं स्पेलिंगही जर्मन कानानं ऐकून लिहिलेलं असू शकतं, म्हणून शोध नेहमी सैनिकी नंबरावरून घ्यावा. जिल्हा वाचताना तेव्हाचा नकाशा समोर ठेवा. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. ‘आमचं गाव सांगलीचं, कार्डावर सातारा आहे, म्हणजे हा माणूस आमचा नव्हे’ असं म्हणून कुणी सापडलेलं कार्ड सोडून दिलं, तर फार हळहळ वाटते.

आझाद हिंदच्या बाबतीत मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. हिंदी कैद्यांची मोठी छावणी जर्मनीत ॲनाबुर्गला होती आणि नेताजींच्या युरोपातल्या फौजेसाठी तिथूनही माणसं घेतली गेली, हे खरं. पण कैद्याचं कार्ड कैदेपुरतं असतं. जो फौजेत गेला तो कैदी राहिला नाही, म्हणून त्याची पुढची हकिगत त्या कार्डावर मिळेलच असं नाही. अनेक जण फौजेत न जाताही फ्रान्समध्ये हलवले गेले. ११ मे १९४४ ला एपिनालच्या छावणीवर अमेरिकी विमानांचे बॉम्ब पडले तेव्हा तिथं हजारो हिंदी कैदी होते, आणि त्यातले सुमारे पाचशे चालत स्वित्झर्लंडला पोचले. नोंद मध्येच थांबली एवढ्यावरून आजोबांना आझाद हिंदचे शिपाई म्हणता येत नाही, आणि ते नव्हते असंही म्हणता येत नाही. दोन्हीसाठी दुसरा कागद लागेल. युद्धानंतर आझाद हिंदमधून परतलेल्या सैनिकांची चौकशी ब्रिटिशांनी केली आणि ब्रिटिशांशी किती एकनिष्ठ राहिले यावरून त्यांना पांढरे, करडे, काळे अशा गटांत घातलं. आझाद हिंदविषयीची सरकारी कागदपत्रं दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

आता तुम्ही काय करावं, तर कार्डाच्या मागच्या बाजूचीही प्रत मागा. पुष्कळ जण फक्त फोटोची बाजू जपून ठेवतात, आणि छावण्या बदलल्याचा सगळा माग मागे राहून जातो. सैनिकी नंबर आणि मूळ छावणीचं नाव सोबत लिहून जिनिव्हाच्या रेड क्रॉस अभिलेखागाराकडे अर्ज करा; ते ठरावीक काळातच अर्ज घेतात, तेव्हा आधी चौकशी करून ठेवा. बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयालाही त्याच नंबरानं लिहा. आणि घरात आजोबांनी इटलीतल्या एखाद्या गावाचं नाव कधी घेतल्याचं कुणाला आठवत असेल, तर ते मोडकंतोडकं का असेना, इथं जरूर लिहा. जून १९४२ ते १९४३ ची अखेर हा काळ जर्मन कार्डात शोधून फारसा हाती लागणार नाही.